दाबाची मात्रा

टिटवाळ्याच्या फलाटावर आपण गाडीची वाट पाहतो, तेव्हा डोक्यावरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत पहिली विजेची गाडी धावली, तेव्हा तो दीड हजार व्होल्ट होता. मोठा दाब म्हटला की आपल्याला खांब आणि धोक्याची कवटी आठवते. माझा भाचा मात्र हजार व्होल्ट जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत बसवतो आहे. तो भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, मी बी.ए. झालेला कवी. त्याच्या शेजारी बसून जे उमगलं, ते सांगतो.

ही पेटी किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर नळीसाठी आहे. नळीला काही शे व्होल्ट लागतात. नेमके किती, ते प्रत्येक नळीचं वेगळं. दाब कमी असेल तर नळी गप्प बसते. वाढवत गेलं की मोजणी सुरू होते, वाढते आणि मग काही अंतर जवळजवळ स्थिर राहते. त्या टप्प्याला पठार म्हणतात. पठार ओलांडलं की नळी आपणहून बडबडू लागते आणि बिघडते. म्हणून दाब बटणाने बदलता यावा आणि ठरवला तिथेच टिकावा.

बारा व्होल्टच्या बॅटरीतून हे कसं साधतं? एक ट्रान्झिस्टर वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. वेग एवढा असल्यामुळे सुपारीएवढा ट्रान्सफॉर्मरही पुरतो. पुढे डायोड आणि कपॅसिटर यांची शिडी. प्रत्येक पायरीवर दाब चढतो. १९३२ साली केंब्रिजमध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी अशाच शिडीने लाखो व्होल्ट मिळवून लिथियमचा अणुगाभा फोडला. आपले होमी भाभा तेव्हा केंब्रिजमध्येच होते.

‘मामू, दाब चढवायला एक दिवस लागला, आवरायला दोन महिने,’ भाचा म्हणाला. बाहेर पडणाऱ्या दाबाचा हजारावा हिस्सा मागे आणून बटणाने ठरवलेल्या मापाशी सतत ताडून पाहावा लागतो. कमी पडला तर रेटा वाढवायचा, जास्त झाला तर कमी करायचा. गझल लिहिणाऱ्या मला हे ओळखीचं वाटलं. एक मात्रा वाढली तरी ओळ लंगडते.

इथे मात्र चूक जिवावर बेतू शकते. बॅटरी काढली तरी कपॅसिटर वीज धरून ठेवतात. दाब दुप्पट झाला की त्यांच्यातली ऊर्जा चौपट होते. जुन्या टीव्हीची पाठ उघडणारे कारागीर म्हणूनच प्लग काढल्यावरही सावध असत. भाच्याने साठलेली वीज हळूहळू जिरवणारा रेझिस्टर कायमचा जोडला आहे, कपॅसिटर लहानात लहान निवडले आहेत आणि झाकणावर लिहिलं आहे: ‘काटा शून्यावर आल्याशिवाय हात लावू नये.’

घरात अशी उपकरणं जोडणाऱ्या मुलांनो, आधी हे वाक्य लिहा, मग पेटी बांधायला घ्या.