नाटोचा जामीन आणि आपला गोवा

(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



बँकेत कारकुनी करणाऱ्या आम्हा मंडळींना आंतरराष्ट्रीय राजकारणावर बोलायला उभं करणं हे मंडळाचं धाडसच. पण आमच्या टेबलावर एक कागद नेहमी येतो, तो म्हणजे जामीनपत्र. कर्ज थकलं की जामीनदार म्हणतो, "मी नुसती सही केली होती." म्हणून आम्ही कलम न् कलम वाचतो. 'नाटो'चा करारही आज तसाच वाचू.

दुसऱ्या महायुद्धाने पश्चिम युरोप खिळखिळा झाला होता. फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता बळकावली. जूनमध्ये सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे अडवली. एकट्याने निभाव लागणार नाही हे उमगलं आणि ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी सह्या केल्या. अमेरिका हा त्यातला बडा जामीनदार. स्वतःचं सैन्यच नसलेला आइसलँडही त्यात होता.

कराराचा जीव कलम ५ मध्ये आहे. एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला. पण पुढे वाचलं की कळतं, मदत कोणती करायची हे प्रत्येक देश स्वतः ठरवणार. फौज पाठवलीच पाहिजे असं बंधन नाही.

आता कलम ६ बघा, कारण इथे आपला गोवा येतो. जामीन कोणत्या प्रदेशापुरता, हे त्यात लिहिलं आहे: युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेचा अटलांटिक. सालाझारचा पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य होता आणि गोव्याला आपला सागरपार प्रांत म्हणवत होता. पण गोवा कलम ६ मध्ये बसत नव्हता. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना आली तेव्हा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्ध ठराव मांडला. सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरून तो पाडला. मात्र पोर्तुगालच्या मदतीला नाटोच्या दुसऱ्या कोणत्याही देशाची फौज आली नाही. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. आपल्यातल्या ज्येष्ठांनी तो दिवस पाहिला आहे.

जमा-खर्च मांडायचा तर दोन्ही बाजू मांडू. शीतयुद्धाच्या ४० वर्षांत नाटो आणि रशिया थेट भिडले नाहीत, ही जमा. पश्चिम जर्मनी नाटोत येताच १९५५ मध्ये रशियाने वॉर्सा करार केला, पण १९६८ मध्ये त्याच्या फौजा आपल्याच सदस्यावर, चेकोस्लोव्हाकियावर, चालून गेल्या. तो करार १९९१ मध्ये मोडला, नाटो टिकली. खर्चाच्या बाजूला १९९९ आहे. सुरक्षा परिषदेच्या संमतीशिवाय नाटोने युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बाँबफेक केली. संरक्षणासाठी काढलेल्या संघटनेला हे शोभलं का, हा प्रश्न रास्तच आहे.

कलम ५ आजवर एकदाच लागू झालं, २००१ मध्ये, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवरील हल्ल्यानंतर. म्हणजे ज्याने इतरांना जामीन दिला, त्याच्यासाठीच इतर उभे राहिले!

आश्वासन आणि जामीन यांतला फरक युक्रेनने भोगला. १९९४ मध्ये बुडापेस्टला आश्वासनं घेऊन त्याने अण्वस्त्रं सोडली. आश्वासन देणाऱ्यांत खुद्द रशिया होता. त्याच रशियाने २०१४ मध्ये क्रिमिया घेतला आणि २०२२ मध्ये पूर्ण आक्रमण केलं. ते पाहून फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये नाटोत आले. सदस्य ३२ झाले.

भारत कोणत्याही लष्करी गटात गेला नाही. १९७१ च्या भारत-सोव्हिएत करारातही संकटकाळी सल्लामसलतीचं कलम होतं, एकत्र लढण्याचं नव्हतं.

शेवटी कलम ३. त्याची चर्चा कमी होते. प्रत्येक सदस्याने आधी स्वतःची ताकद राखावी, असं ते सांगतं. आम्ही बँकेत तरी दुसरं काय सांगतो? जामीनदार कितीही भक्कम असो, आपल्या खात्यात शिल्लक हवीच.