शिक्षकांचा अनुभव कोणाच्या हाती?

(सास्तूर, ता. लोहारा, जि. धाराशिव येथे शिक्षक आणि कार्यकर्ते यांच्या बैठकीत केलेले भाषण)



सास्तूरला येऊन शाळेविषयी बोलायचे आणि भूकंपाचा उल्लेख टाळायचा, हे मला जमणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. गणपतीविसर्जनाची रात्र सरत होती. चारच्या सुमारास जमीन हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरची मातीची माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी आणि पलीकडे किल्लारी, या एका पट्ट्यात आठ ते दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. काही आठवड्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग सुरू करण्याचा आदेश आला आणि आम्ही ते सुरू केले.

त्या शेडमध्ये जे शिकलो ते कोणत्याही अध्यापक विद्यालयात शिकवत नाहीत. पत्र्यावर पाऊस पडू लागला की शिक्षकाचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नसे. मग आम्ही पाटीवर लिहून वर्ग चालवू लागलो. मुले रात्री भीतीने झोपत नसत आणि वर्गात पेंगत. त्यांना उठवायचे की झोपू द्यायचे, याचा निर्णय रोज करावा लागे. आणि हजेरीपट! जुन्या हजेरीपटातली गेलेल्या मुलांची नावे वगळून पुढचे नाव घेतले की वर्ग एकदम गप्प होई, कारण मुलांना तो क्रम पाठ होता. आमच्यातल्या एका वयस्क बाईंनी यावर तोड काढली. त्यांनी नवा पट आडनावाच्या क्रमाने न करता मुलांच्या बसण्याच्या क्रमाने केला. एवढीशी गोष्ट, पण वर्ग सावरला.

साथींनो, हे सारे कोठे लिहिले गेले? कोठेही नाही. वरिष्ठ कार्यालयाने मागितले ते पटसंख्येचे, पत्र्यांचे आणि पुस्तकांचे आकडे. ते आम्ही दिले. त्या बाई निवृत्त झाल्या, पुढे वारल्या, आणि त्यांचे शहाणपण त्यांच्याबरोबर गेले. सत्तावीस वर्षांनी शाळेवर दुसरे संकट आले तेव्हा याच भागातले तरुण शिक्षक पुन्हा शून्यापासून सुरुवात करीत होते.

हे दुसरे संकट म्हणजे मार्च २०२० ची टाळेबंदी. ग्रामीण महाराष्ट्रातील पहिली ते चौथीचे वर्ग सर्वत्र उघडण्यास १ डिसेंबर २०२१ उजाडला. म्हणजे पहिलीत नुकतेच रुळलेले मूल वर्गात परतले ते तिसरीत. या वीस महिन्यांत शिक्षकांनी काय केले, याची सरकारी नोंद कशी आहे? किती दुवे पाठवले, किती विद्यार्थ्यांनी ते उघडले, किती शिक्षकांनी संध्याकाळचा अर्ज भरला, अशी. याच काळात हे शिक्षक तपासणीनाक्यावर उभे होते, घरोघर ताप मोजत होते. ती नोंद दुसऱ्या खात्यात.

प्रत्यक्षात काय घडले ते गेले काही महिने मी शिक्षकांकडून ऐकतो आहे. नावे मी घेणार नाही, कारण कोणाच्या सेवापुस्तिकेला डाग लागावा असे मला वाटत नाही. एका तांड्यावरच्या शिक्षकाने सांगितले की ३१ मुलांपैकी नऊ घरांत स्मार्टफोन होता आणि तो दिवसभर बापाबरोबर शिवारात असे. त्याने सकाळचा वर्ग बंद करून रात्री आठची वेळ धरली. मग लक्षात आले की रिचार्ज महिन्याच्या वीस तारखेच्या पुढे संपतो. तेव्हा त्याने महिन्याचा सारा नवा भाग पहिल्या वीस दिवसांत आणि उरलेले दहा दिवस कागदावरचा सराव, अशी आखणी केली. हे नियोजन त्याला कोणी शिकवले नव्हते. एका बाईंनी चित्रफिती पाठवणे सोडून दिले आणि तीन-तीन मिनिटांचे आवाजी निरोप पाठवू लागल्या, कारण रेंज नसलेल्या घरातली मुलगी स्लॅबवर चढून तेवढेच उतरवून घेऊ शकत होती. त्यांना पुढे असेही दिसले की आई चुलीपाशी असताना तो निरोप ऐकते आणि मुलाला प्रश्न विचारते. चित्रफीत असती तर तिला ती पाहायला सवड नव्हती. तिसऱ्या एका शिक्षकाने स्पष्ट सांगितले, "सर, मी सहा महिने दुवे पाठवले आणि कोणीच काही शिकले नाही. मला ते कळत होते, पण फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता."

या वाक्यासाठी मी आज इथे उभा आहे. रकानाच नव्हता.

देशाचे आकडे या शिक्षकांच्या सांगण्याला पुष्टीच देतात. 'असर'च्या पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतात शाळकरी मुलांपैकी २०१८ साली ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२० साली ६१.८ टक्के मुलांच्या घरी. आकडा झपाट्याने वाढला, यात शंका नाही. पण पुढल्या वर्षीच्या पाहणीत असे आढळले की फोन असलेल्या घरांतलीही सुमारे एक चतुर्थांश मुले तो अभ्यासासाठी मुळीच वापरू शकत नव्हती. घरात फोन असणे वेगळे आणि मुलाच्या, विशेषतः मुलीच्या, हाती तो येणे वेगळे. हा भेद शिक्षकाला पहिल्या पंधरवड्यात कळला होता.

तेव्हा आपल्यापुढचा प्रस्ताव असा आहे की या अनुभवांवर आधारलेले एक डिजिटल शिक्षणसाधन शिक्षकांनी शिक्षकांसाठी तयार करावे. प्रस्ताव चांगला आहे. पण तो कसा राबवावा, याबद्दल मला थोडे कडक बोलायचे आहे, आणि त्यासाठी पुन्हा भूकंपाकडेच वळतो.

भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवायचे ठरले. नकाशे झाले, सरळ रस्ते आखले गेले, चौकोनी प्लॉट पडले. घरे भक्कम झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु जनावरे कोठे बांधायची, कडबा कोठे रचायचा, शेत दूर गेल्यावर दुपारची भाकरी कशी पोचवायची, याचे उत्तर त्या नकाशात नव्हते. याउलट ज्या गावांत जुन्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले, तेथे अनेक ठिकाणी महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक म्हणून काम करीत होत्या. पैसा कसा खर्च झाला, भिंत कशी बांधली, हे त्या विचारीत आणि सांगत. एकाच आपत्तीनंतर एकाच शासनाच्या एकाच कार्यक्रमात या दोन्ही रीती चालल्या. आपले साधन कोणत्या रीतीने उभे राहणार, ते आज ठरते आहे.

पहिली रीत सोपी आहे. मुंबई-पुण्याचा एखादा तज्ज्ञ चमू येईल, दहा 'यशोगाथा' चित्रित करील, मागे सतार वाजेल, आणि ते ॲप सर्व शिक्षकांना उतरवून घेण्याचा आदेश निघेल. यशोगाथांवर माझा राग नाही. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली, याचा कोणत्याही समाजवाद्याला आनंदच वाटेल. सोलापुरात नीलमनगरच्या कामगार वस्तीत घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. मुले गल्लीतून जाता-येता वाचत. हेही आपल्या साधनात हवे, जरी त्यात इंटरनेटचा संबंध नाही. किंबहुना म्हणूनच हवे. पण केवळ यशाचा संग्रह शिक्षकाच्या फार कामाचा नसतो. सहा महिने दुवे पाठवून कोणी शिकले नाही, हे ज्याने सांगितले त्याची नोंद मला प्रथम हवी. त्याने काय पाठवले, केव्हा पाठवले, उत्तरे आली नाहीत हे कधी ध्यानात आले, मग काय बदलले? असा एक प्रामाणिक वृत्तान्त नव्या शिक्षकाचे वर्ष वाचवील.

म्हणून माझे म्हणणे असे की या साधनाची मांडणी इयत्ता आणि विषय यांप्रमाणे न करता अडचणींप्रमाणे करावी. फोन एक आणि भावंडे तीन. ऊसतोडीला गेलेल्या घरातले मूल. घरात लमाणी किंवा कन्नड बोलणारे आणि मराठीत ऐकणारे मूल. ऐकू न येणारे मूल, ज्याच्यापुढे मास्क लावलेल्या शिक्षकाचे ओठच नाहीसे झाले होते. शिक्षक अडचण घेऊन येतो. त्याला त्याच अडचणीतून गेलेल्या चार जणांचे बोलणे ऐकायला मिळावे. बोलणेच, कारण लिहायला सांगितले की आपण अहवालाच्या भाषेत शिरतो. आवाजी नोंद, पाच मिनिटांच्या आतली, बिनारेंजची चालणारी, एका फोनवरून दुसऱ्या फोनवर सहज देता येईल अशी. ज्याला ऐकायची सवड नाही त्याच्यासाठी खाली अर्ध्या पानाचा सारांश. एवढे पुष्कळ झाले. गुण, पदके, क्रमवारी यांतले काहीही त्यात नको.

आता मालकीचा प्रश्न, आणि तो आपल्या दृष्टीने गौण नाही. शिक्षकांनी टाळेबंदीत केलेल्या हजारो चित्रफिती आज यूट्यूबवर, म्हणजे एका परदेशी कंपनीच्या गोदामात आहेत. सरकारी 'दीक्षा' ॲप २०१७ साली आले; पण ह्युमन राइट्स वॉचच्या मे २०२२ च्या अहवालात मुलांची माहिती गोळा करणाऱ्या साधनांमध्ये त्याचेही नाव होते, आणि जानेवारी २०२३ मध्ये लाखो शिक्षक व विद्यार्थ्यांची माहिती उघड्या सर्व्हरवर पडून राहिल्याचे वृत्त आले. खाजगी बाजूची कथा तर ताजी आहे. बायजूज ही कंपनी टाळेबंदीत फुगली, २०२२ साली तिचे मूल्य बावीस अब्ज डॉलर सांगितले गेले आणि २०२४ साली ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. म्हणून आपल्या नोंदी आपल्या सामायिक मालकीच्या असाव्यात, कोणालाही विनामूल्य घेता याव्यात, पण विकता येऊ नयेत. बोलणाऱ्याला नाव द्यायचे की नाही हे त्याने ठरवावे, आणि पुढे मन बदलले तर नोंद काढून घेण्याचा हक्क त्याला असावा. मुलाचे नाव किंवा चित्र एकाही नोंदीत येऊ नये. आणि तपासणीसाठी किंवा मूल्यमापनासाठी या नोंदी वापरल्या जाणार नाहीत, असे जिल्हा परिषदेकडून लेखी घ्यावे. ते मिळाले नाही, तर मी स्वतः कोणत्याही शिक्षकाला खरे बोलायला सांगणार नाही.

काही साथींचा आक्षेप मूलगामी आहे. ते म्हणतात, हे सारे डिजिटल प्रकरणच शिक्षक कमी करण्याचा डाव आहे. आपण त्याला हातभार का लावावा? या शंकेला आधार आहे. २०१२ साली राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली आणि अनेक वर्षे वर्ग रिकाम्या पदांवर चालले. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा तेव्हा राज्यात पंधरा हजारांच्या घरात होत्या. उद्या कोणी म्हणेल, साधन तयार आहे, वस्तीवर शिक्षक कशाला? म्हणून साधनाच्या पहिल्याच नोंदीत हे यावे की टाळेबंदीत जेथे थोडेफार शिक्षण टिकले, तेथे शिक्षक आठवड्यातून दोनदा तरी दारात जात होता. मला भेटलेल्यांपैकी एकानेही याला अपवाद सांगितला नाही.

परंतु यंत्राला पाठ फिरवणे हा उपाय नव्हे. ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाद्वारे देशातील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. त्यांत आपल्या सीमेपलीकडच्या गुलबर्गा जिल्ह्यातली गावे होती. उपग्रह अमेरिकेचा, वर्ष संपताच तो गेला आणि पडदे काळे झाले. पुढे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली. मराठी मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम करणारी आपली, सार्वजनिक संस्था. तीही २०१७ साली बंद करण्यात आली. तीन वर्षांनी टाळेबंदी लागली. 'टिलीमिली' मालिका जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर आली ती बाहेरच्या एका संस्थेने केलेली, चांगली होती. पण आपली यंत्रणा आपण मोडून टाकली होती, आणि ती मोडताना आपल्यापैकी किती जण रस्त्यावर आले होते? मी आलो नव्हतो.

कामाचे बोलून थांबतो. पुढच्या महिन्यात केंद्राच्या शिक्षण परिषदेनंतर एक तास जास्तीचा मागावा. प्रत्येकाने एक नोंद आणावी: टाळेबंदीत जमले नाही असे एक, आणि त्यानंतर जे करून पाहिले ते. दोन शिक्षकांनी एकमेकांची नोंद फोनवर घ्यावी. ओळखीच्या माणसासमोर माणूस मोकळा बोलतो. लोहारा आणि उमरगा या दोन तालुक्यांतून पन्नास नोंदी झाल्या की मगच तंत्रज्ञ मित्रांना बोलवावे आणि त्या त्यांच्यापुढे ठेवाव्यात. आणि १९९३ साली शेडमध्ये शिकवलेले जे निवृत्त शिक्षक अजून आपल्यात आहेत, त्यांच्याकडे आधी जावे. माझ्या हिशेबाने या परिसरात ते सात-आठच उरले आहेत. त्यांतल्या दोघांना आता नीट ऐकू येत नाही. प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्यावे लागतील.