लावणीचे दुखणे की आमवात?



आमच्या वडील वहिनींची बोटे सुजली, तेव्हा लावणीचे दुखणे समजून आम्ही निर्गुडीचा शेक दिला. दोन वर्षांत बोटे वाकडी झाली. भाकरी थापणे कायमचे सुटले. तो आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात होता. दोष आमच्या अज्ञानाचा.

शहापूर-मुरबाडकडे लावणीने अंग दुखते, ते विश्रांतीने उतरते. आमवात निराळा. तो बहुधा दोन्ही हातांच्या लहान सांध्यांस धरतो. सकाळी तासभर मूठ वळत नाही. स्त्रियांस तो अधिक होतो. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर पाहणी झाली. तीत सुमारे २०० प्रौढांमागे एकास तो आढळला.

सूज उतरत नसेल, तर ६ आठवड्यांच्या आत डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन संधिविकारतज्ज्ञ गाठावा. रक्ततपासणी निर्दोष आली तरीही. उपचार ३ महिन्यांत सुरू झाल्यास सांधे वाचण्याचा संभव पुष्कळ वाढतो. मेथोट्रेक्सेटची मात्रा आठवड्यातून एकदाच घ्यावयाची. रोज घेतल्यास जिवावर बेतते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विकारांचा विभाग आहे. शहापूरकरांनी आसनगावास लोकल धरावी, मुरबाडकरांनी एस. टी.ने कल्याण गाठावे. एक दिवस मोडेल, पण घरच्या लक्ष्मीचे हात राहतील.