दंडाचे तीस रुपये

पालमहून बोलतेय.

मागच्या वर्षी आमच्या एका गटातली बाई सलग तीन बैठकांना आली नाही. हप्ता लेकीच्या हाती पाठवायची. नियमाप्रमाणं मी दर वेळी दहा रुपये दंड लिहिला. "जेवून झोपत असंल," कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या, मीही हसले.

ती झोपतच नव्हती. रात्रभर टक्क जागी, भाकरी थापता थापता रडू यायचं. घरच्यांनी बाहेरचं लागलं म्हणून देवऋषी गाठला. लिंबू झाले, कोंबडं झालं, उसनवारी झाली.

आपल्याकडं ताप आला तर दवाखाना. मन खचलं तर एकदम 'डोक्यावर परिणाम'. मधलं काही नाहीच. सोयाबीन पाण्यात गेलं की घरधन्याला चार माणसं धीर द्यायला येतात. त्याच घरात कर्जाचे हप्ते जुळवणाऱ्या बाईला कोण विचारतं?

शेवटी आशाताईनं विचारलं. झोप लागते का, जेवण जातं का, जगू नये असं वाटतं का? तिसऱ्या प्रश्नाला ती बोलली. (असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नको ते येतं, असं मला वाटायचं. तसं नसतं.) मग परभणीचा सरकारी दवाखाना, डॉक्टर, गोळ्या. पाचव्या दिवशी म्हणे, "गुण नाही, बंद करते." या गोळ्यांना दोन-तीन आठवडे लागतात, आणि मनानं बंद करायच्या नसतात.

जायला जमत नसेल तर 14416 वर फोन लावा. टेली मानस, सरकारी, फुकट, रात्रीसुद्धा. 2022 पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं. आणि घरात कुणी विषारी औषध प्यालं तर पोलिसांच्या भीतीनं लपवू नका, आधी दवाखाना गाठा. 2017 च्या कायद्यानं असा माणूस मोठ्या ताणाखाली होता असंच धरतात. त्याला शिक्षा नाही, मदत द्यायची.

आता ती बैठकीला येते. शेजारणीला मात्र गोळ्या कंबरेच्या म्हणून सांगते. मी तिला काही म्हणत नाही.

तिचे तीस रुपये आम्ही परत केले. रजिस्टरात कारण काय लिहायचं, यावर वाद झाला. "ताप लिहा, तिचीच अब्रू राहील," एक आजी म्हणाल्या. तीच म्हणाली, "ताप नव्हता, आजी. आजारी होते, एवढं लिही."

तेवढं लिहिलं.