छोट्या हत्तीचा क्विंटलमागचा हिशेब



२००५ साली टाटा एस बाजारात आली आणि गावोगाव तिला ‘छोटा हत्ती’ हे नाव पडले. आता जो तो विचारतो, गाडी लिटरला किती चालते? हा प्रश्न अर्धाच आहे. आपण क्विंटलचा हिशेब मांडू.

जिनिंग ३० किलोमीटरवर, जाऊन-येऊन ६०. लिटरला १५ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले, तर खेपेला ३६० रुपये. साडेसात क्विंटल ज्वारी भरली, तर क्विंटलला ४८ रुपये. कापूस मात्र फुगीर. हौदा भरतो, वजन भरत नाही. ४ क्विंटलच बसला, तर क्विंटलला ९० रुपये.

डिझेलचे पैसे रोख जातात म्हणून डोळ्यांवर येतात. हप्ता आणि विमा मिळून वर्षाला १ लाख २० हजार धरा. कापसाचा हंगाम चार महिने, हप्ता बारा महिने. वर्षात १०० खेपा झाल्या, तर खेपेवर १२०० रुपये बसतात. ३०० झाल्या, तर ४००. म्हणजे डिझेल धरून कापसाच्या क्विंटलला एकीकडे ३९० रुपये, दुसरीकडे १९०. टायर आणि दुरुस्ती वेगळीच.

तेव्हा आधी खेपा मोजा, मग गाडी घ्या. खेपा पुरत नसतील तर चार घरांनी मिळून घ्या, नाहीतर भाड्याचीच बरी. परतीला खत, ढेप भरून आणा. आणि उत्पादन खर्च मांडताना हा आकडा सोडू नका. आपण नाही धरला, तर दुसरे कोणी धरणार नाही.