संशोधनलेखन आणि ऋणनिर्देश



देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे आपल्या परंपरेने सांगितली आहेत. त्यांपैकी ऋषिऋण अध्ययनाने फिटते, असे मानतात. परंतु अध्ययन करणारा स्वतः लिहू लागला, की त्याच्यावर आणखी एक कर्तव्य येते. ज्याच्याकडून घेतले, त्याचे नाव सांगणे हे ते कर्तव्य होय.

यासंबंधीचे एक उत्तम उदाहरण आपल्या माळव्यातच आहे. सोनकच्छहून देवास-इंदूरमार्गे धार काही फार दूर नाही. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी का. कृ. लेले यांना 1903 मध्ये तेथील कमालमौला मशिदीच्या वास्तूत एक कोरीव शिळा आढळली. परमार राजा अर्जुनवर्मा याचा राजगुरू मदन याने रचलेल्या ‘पारिजातमंजरी’ नाटिकेचे पहिले दोन अंक तिच्यावर होते. चार अंकांपैकी आज तेवढेच उपलब्ध आहेत. जर्मन पंडित हुल्ट्श यांनी हा लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या 8 व्या खंडात संपादून प्रसिद्ध केला. संपादन त्यांचे, पण शोध लेल्यांचा. आणि हे त्यांनी तेथे स्पष्ट नमूद केले. पुढे 1908 मध्ये धार व माळव्याच्या परमारांवरील इंग्रजी पुस्तक निघाले, ते कॅप्टन लुअर्ड आणि लेले अशा दोघांच्या नावांनी. फार कशाला, खुद्द त्या शिळेवर कवीबरोबर अक्षरे कोरणाऱ्या शिल्पकाराचेही नाव आहे!

आता एखाद्या अभ्यासकाने ‘धार येथे एक शिलालेख सापडला’ एवढेच लिहिले, तर ते वाक्य खोटे ठरणार नाही. परंतु ‘सापडला’ या एका क्रियापदात लेले दिसेनासे होतात. माळव्यातील मराठी विद्वानांचे पुष्कळसे श्रम अशाच कर्त्याविना लिहिलेल्या वाक्यांत विरून जाण्याचा धोका आहे. मोठ्या विद्यापीठातल्या पंडिताचे नाव सहसा गळत नाही. गळते ते लहान गावी बसून नकला करणाऱ्याचे, पोथ्या जपणाऱ्याचे.

तळटीपा ही पाश्चात्त्य रीत आहे, असे काहीजण म्हणतात. टीपांचे रूप तसे असेल. वृत्ती मात्र आपलीच आहे. ज्ञानेश्वरांनी व्यासांचा आणि भाष्यकारांचा आधार मोकळेपणाने सांगितला. लेखनिक सच्चिदानंदबाबांचे नावही ग्रंथात राहिले. नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. त्यांच्या प्रतिभेला नव्या ओव्या का अवघड होत्या? तरीही मूळ पाठात कोणी स्वतःची ओवी मिसळू नये, असाच त्यांचा आग्रह होता. आपले कोणते आणि दुसऱ्याचे कोणते, ही सीमा त्यांनी पाळली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये वाङ्मयचौर्यासंबंधी नियम केले. प्रबंधातील साम्य 10 टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. 60 टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. नियम आवश्यकच आहेत. पण यंत्र शब्द मोजते. शब्द बदलून उचललेला विचार त्याच्या हाती लागेलच असे नाही. शब्द घेतले तर अवतरणचिन्हे द्यावीत, विचार घेतला तर टीप द्यावी, आणि कोणाचे श्रम घेतले तर त्याचे नाव लिहावे, हा विवेक लेखकाजवळच असावा लागतो.

यात केवळ सौजन्य नाही, वाचकाचे हितही आहे. प्रत्येक संदर्भ वाचकाला एका मूळ ग्रंथाकडे नेतो. संदर्भ गाळला, की ती वाट बुजते. मग लेखकाचे म्हणणे ताडून पाहता येत नाही, आणि तो मूळ ग्रंथ कपाटात न मागितलेला पडून राहतो.

ग्रंथालयाच्या दाखलनोंदवहीत प्रत्येक पुस्तकापुढे ते विकत घेतले की देणगी मिळाले आणि देणगी असल्यास कोणाची, हे लिहिलेले असते. चार आण्यांच्या पुस्तकाचीही ही नोंद चुकत नाही. विचारांच्या देवघेवीतही एवढीच चोख नोंद ठेवली जावी, एवढीच या शताब्दीच्या निमित्ताने अपेक्षा.