चढासाठी दात्यांचा हिशेब

आमच्या बचत गटाची मोटारसायकल खालच्या वाडीतून दुधाचे कॅन घेऊन वरच्या संकलन केंद्रावर जाते. कच्च्या चढावर ती दम टाकायची, क्लच जळल्याचा वास यायचा. उशीर होऊन दूध नासलं, तर घरोघरचे पैसे बुडतात.

म्हणून आम्ही चेनच्या दातेरी चक्रांचे दाते मोजले. पुढे 14, मागे 42. म्हणजे पुढचं चक्र 3 वेळा फिरलं की मागचं एकदा. पुढे 13 दात्यांचं बसवलं की हेच प्रमाण 3.23 होतं. ओढ वाढते, वेग थोडा घटतो. मागचे 3 दाते वाढवूनही जवळपास तेवढाच फरक पडतो. पण पुढचं चक्र लहान, म्हणून स्वस्त. आम्ही तेच बदललं, चेनचा ताण नीट करून घेतला.

तुमची वाट सपाट असेल, तर मूळचेच दाते ठेवा. नाहीतर पेट्रोल जास्त जाईल. आधी वाट आणि ओझं बघा, मग दाते ठरवा.